हातोडी पाठवण्यापूर्वी

प्लेन दे पपाय,
१९ नोव्हेंबर १९६७

प्रिय कुसुम,

तुझं पत्र आणि त्याबरोबरचं तुमच्या कारखान्याचं छापील वार्तापत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून तू काळजीत असशील. तुझी आई तर रोज सकाळी चहाबरोबर त्यावरून माझी खरडपट्टी काढते. आम्ही दोघं धडधाकट आहोत, लिचीला यंदा भरपूर फळ आहे, ऊसतोडणीची कूप संपत आली आहे आणि साखरेची गिरणी डिसेंबरात थंड होईल. न लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तू माझी बॉयलर ठोकून बघायची हातोडी मागितलीस, कारखान्याच्या दारातल्या काचेच्या कपाटात मांडून ठेवायला. ती आत्ता माझ्यासमोर टेबलावर फडक्यात गुंडाळलेली आहे, आणि पाठवावी की नाही हेच माझं ठरत नव्हतं. का, ते सांगतो, पण माझ्या चालीने सांगू दे. बॉयलरचा पत्रा तपासताना मी एकदम मधोमध कधी ठोकत नसे, कडेकडेने यायचो, हे तुला ठाऊक आहे. हे पत्र नंदलाल गुरुजींना दाखवलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सगळ्या माझ्या.

बातमी पहिल्यांदा आणली ती गुरुजींनीच. त्रियोलेहून सायकल दामटत आले आणि सायकल अंगणात आडवी टाकून दिली. खडूसुद्धा मापाने वापरणारा माणूस तो, त्याने सायकल आडवी टाकली म्हणजे काहीतरी मोठं घडलंय हे मी तेव्हाच ओळखलं. वर्तमानपत्रात फुटबॉलच्या निकालांखाली चार ओळी होत्या. चार टप्प्यांचं, चारही टप्प्यांत घट्ट इंधन भरलेलं रॉकेट यशस्वी झालं, उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला, आणि रॉकेटचा सगळ्यात वरचा टप्पा इंग्लंडात तयार झालेला होता. तुझं नाव नव्हतं. आईने पान उलटून मागेही पाहिलं, तिकडे तरी छापलं असेल म्हणून. मग तिने गणपतीपुढे फोडायला नारळ काढला आणि सवयीने आधी माझ्या हातात दिला. मी टिचकी मारून ऐकलं. नारळ चांगला निघाला.

तुझं पत्र आलं आणि गावाला चेव चढला. इतकी वर्षं लोकांना वाटायचं, कुसुमावती एकोणसाठ साली नर्सिंग शिकायला गेली, हॉस्पिटलात एक्स-रे काढायला शिकली, म्हणजे अजूनही माणसांच्या छात्यांचे फोटो काढत असेल. तू रॉकेटचे एक्स-रे काढतेस हे मी तीन वर्षं सांगतो आहे, पण आई पुढे होऊन ‘हॉस्पिटल’ म्हणायची. रॉकेटच्या कारखान्यात मुलगी आहे म्हटल्यावर स्थळं येणार नाहीत अशी तिची समजूत. आता तीच बाई बसस्टॉपवर उभी राहून अनोळखी माणसांना रॉकेट समजावून सांगते, आणि चुकीचं सांगते.

म्हणून रविवारी संध्याकाळी बैठकेत सगळ्यांना एकदाच नीट सांगायचं ठरलं. बैठका म्हणजे आपला मराठीच्या वर्गाचा हॉल, तू गेल्यावर पुढच्या साली कॅरोल वादळात त्याचं छप्पर उडालं, आता वर सिमेंटचा स्लॅब आहे. तुझं पत्र मी चार वेळा वाचून पाठच केलं होतं. मी आईची पितळेची भांडी घेऊन गेलो आणि टेबलावर उतरंड रचली. खाली हंडा, त्यावर कळशी, त्यावर तांब्या, सगळ्यात वर फुलपात्र, आणि फुलपात्रात एक सुपारी. ती सुपारी म्हणजे उपग्रह, हे रॉकेट म्हणजे तिला वर नेणारी उतरंड, असं म्हटल्याबरोबर बायका पुढे सरकल्या. भांड्यांना पोचे पाडाल, असं आई मागून दोनदा म्हणाली.

मी सांगितलं, हंड्यात इंधन सगळ्यात जास्त, कारण साऱ्या उतरंडीचं ओझं त्याने उचलायचं आणि हवाही खालीच दाट. सव्वा मिनिटात त्यातलं सगळं जळून जातं. मग रिकामा हंडा म्हणजे नुसतं वजन. तो समुद्रात सोडून द्यायचा आणि कळशी पेटवायची. मी हंडा खालून काढून घेतला आणि उरलेली उतरंड हाताने वर धरली. दुकानदार गोपालला शंका आली की एवढा खटाटोप कशाला, एकच मोठा पिंप का नाही भरत. मी विचारलं, ल पूसच्या डोंगरावर चढताना पाण्याचा डबा वाटेत संपला तर तो रिकामा डबा शिखरापर्यंत डोक्यावर नेशील का? तो म्हणाला, डबा चांगला असेल तर नेईन. दुकानदारच तो. पण बाकीच्यांना कळलं. मिळवलेला वेग गाठीशी राहतो आणि ओझं कमी होत जातं, म्हणून पुढचं लहान भांडंही पुरतं.

मग इंधन. तू लिहिलं होतंस तसंच सांगितलं. ते तेलासारखं पातळ नसतं. कणकेसारखं मळून नळकांड्यात ओततात आणि ऊब देऊन मुरवतात, म्हणजे ते खोडरबरासारखं घट्ट होऊन नळकांड्याच्या भिंतीला आतून चिकटून बसतं. मधून आरपार चांदणीच्या आकाराचं भोक, त्यातून आग आतून बाहेर सारखी पसरत जाते. जळायला लागणारा प्राणवायूही त्यातच कालवलेला, म्हणून हवा नसलेल्या ठिकाणीसुद्धा पेटतं. आणि त्याला तोटी नाही. चूल विझवता येते, मोटार बंद करता येते, पण हे एकदा पेटलं की शेवटच्या कणापर्यंत जळणार. त्यामुळे जे काही तपासायचं ते पेटवण्याआधी. इंधन भिंतीपासून कुठे केसभर जरी सुटलेलं असेल तर जाळ त्या फटीत शिरतो, नको तिकडून जळतं आणि नळकांडं फुटतं. हे सांगताना हॉलमध्ये कोणी हललं नाही. इथल्या अर्ध्या घरांतली माणसं गिरणीत आहेत, वाफ आणि आग त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

तांब्याही काढून घेतला तेव्हा माझ्या हातात फक्त फुलपात्र उरलं आणि मी ते डोक्याच्या वर धरून गप्प उभा राहिलो. तुझ्या पत्रात तो भाग मला सगळ्यात आवडला होता. तिसरा टप्पा संपला की कितीतरी मिनिटं काहीच पेटत नाही, रॉकेट नुसतं चढत राहतं. गिरणीतला बलराम पहिल्या रांगेत बसला होता, त्याने विचारलं, आता कशाच्या जोरावर चाललंय? मी म्हटलं, मागच्या तिघांच्या. मग वर पोहोचल्यावर त्याचं तोंड आडवं होतं, ते भोवऱ्यासारखं गरगर फिरवतात म्हणजे डगमगत नाही, आणि तुमचा चौथा टप्पा पेटतो, आभाळाकडे नाही, क्षितिजाकडे. कारण नुसतं वर फेकलेलं परत डोक्यावर येतं. इथून पोर्ट लुईला बस पाऊण तास घेते, ते अंतर दोन सेकंदांत कापेल इतका आडवा वेग मिळाला की वस्तू पडत तर राहते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्याखालून जमीनही तितकीच वाकत जाते, आणि ती पडता पडता फिरतच राहते. दीड तासात एक फेरी. मी फुलपात्र बाजूला केलं आणि सुपारी बोटांत धरून साऱ्या हॉलभर फिरलो. प्रत्येकाच्या डोक्यावरून नेली. कुसुम, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिकडे तुमच्या कॅन्टीनमध्ये भोंग्यावर दीड तासाने उपग्रहाचा आवाज परत ऐकू आला तेव्हा तुम्ही मुली बाकांवर चढलात म्हणतेस. आमच्या इथे आई सोडून सगळे चढले, आणि आईही चढली असती, पण ती भांडी मोजत होती.

तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गुरुजींनी वार्तापत्र बाहेर काढलं. तुझा फोटो सगळ्यांना दाखवला आणि इंग्रजीतून मराठी करत वाचू लागले. मेमधली गोष्ट होती. तुझ्या हाताखालून चौथ्या टप्प्याचं एक नळकांडं गेलं, एक्स-रेची फिल्म अगदी स्वच्छ आली. पण तू त्याच्यावर पेनीच्या नाण्याने टक टक करत गेलीस आणि एका जागी आवाज बसलेला लागला. साहेब म्हणाले, फिल्म स्वच्छ आहे, सही कर. तू केली नाहीस. मग अकरा दिवस तुला दुसऱ्या टेबलावर फायली लावायला बसवलं. शेवटी जुन्या फोरमनने स्वतः ठोकून ऐकलं, त्यालाही पटलं, आणि नळकांडं कापून उघडलं. आत वीतभर लांबीची फट होती, भिंतीला इतकी लागून की फिल्मवर तिची सावलीही पडली नव्हती. ते नळकांडं बाद झालं, दुसरं ओतलं, आणि तेच वर गेलं. यातलं बरंचसं मला माहीत होतं, पण गुरुजींच्या तोंडून चारचौघांत ऐकताना मी सुपारी मुठीत घट्ट धरून ठेवली. आणि मग त्यांनी तुझं शेवटचं वाक्य वाचलं: ‘माझ्या वडिलांनी एकतीस वर्षांत एकाही वाईट पत्र्यावर चांगल्याची खूण केली नाही, मी त्यांच्यावर गेले आहे.’ टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला. बलरामनेही वाजवली. उजवा हात त्याचा वळत नाही, म्हणून डाव्या हाताने मांडीवर वाजवली. मी भांडी गोळा करून घरी आलो.

तू लहान असताना डोळे मिटून बसायचीस आणि मी आईच्या फळीवरची भांडी एकेक टिचकी मारून वाजवायचो, आठवतं? कुठलं चिरलंय, कुठल्याची कड सुटलीय, तू बरोबर सांगायचीस. गावात मला सगळे हसायचे, कारण कोणाच्याही घरी गेलो की माझं बोट आधी तिथल्या तांब्यावर पडायचं. धंद्याची खोडच ती. कूप नसताना पाच महिने गिरणीतले बॉयलर ठोकत हिंडायचं, पत्रा, रिव्हेट, नळाचं प्रत्येक वळण. चांगल्यावर खडूने गोल, वाईटावर फुली. एकदा गोल काढला की साहेब मग फक्त माझा गोल बघायचे, पत्रा कोणी बघत नसे. तुझ्या मेमधल्या पत्रात तू विचारलंस, आवाज बसलेला आहे पण बाकी सगळे चांगला म्हणतात, काय करू, नोकरी जाईल. तेव्हा मी त्रियोलेच्या पोस्टात धावत जाऊन तार केली, ‘गोल काढू नकोस.’ तारवाल्याने मराठीतले ते तीन शब्द रोमन लिपीत लिहून घेतले आणि ही कुठली गुप्त भाषा म्हणून माझ्याकडे संशयाने पाहिलं. तुला वाटलं असेल, बाबांना खात्री होती म्हणून इतक्या घाईने तार केली. खात्री तर होतीच. पण घाई कशाची होती, ते आता लिहितो.

त्रेपन्न सालच्या जूनमध्ये, कूप सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी, तिसऱ्या बॉयलरच्या मागच्या बाजूच्या एका पत्र्याचा आवाज मला बसलेला लागला. दोनदा ठोकला, तिसऱ्यांदा ठोकला. मी फुली काढायला खडू उचलला आणि इंजिनिअर मिस्ये, म्हणजे मोठे साहेब, आत आले. ते ओरडले नाहीत. शिवी दिली नाही. त्यांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. बाहेर ऊस तोडून गाड्यांत पडलेला होता, सोमवारी गिरणी फिरायची होती, आणि ह्या कामावर नेमलेला आपल्या लोकांपैकी मी पहिलाच. मी गोल काढला. कोणी हात धरून काढायला लावला नाही, मीच काढला. बुधवारी पत्रा गेला. भट्टीवर बलराम होता. त्याचा उजवा हात आणि मान कशी भाजली ते तू पाहिलंस, तू चौदा वर्षांची होतीस, त्याच्यासाठी रोज पेज घेऊन जायचीस. त्याच्या आधी गणपतीत झाकरीच्या नाचाला ढोल तो वाजवायचा, त्याच्यासारखा ढोल ह्या बेटावर कोणी वाजवला नाही. गिरणीच्या कागदावर ‘अपघात’ लिहिलं गेलं. मी कोणाला काही बोललो नाही. तुझ्या आईलाही नाही.

बैठकेतल्या त्या रविवारनंतर दोन आठवडे मी नीट जेवलो नाही. मग एका सकाळी उठून बलरामकडे गेलो आणि त्याच्या ओट्यावर बसून हे सगळं, आत्ता लिहिलं तसं, सांगून टाकलं. तो केळीचं पान पुसत होता, पुसतच राहिला. मग म्हणाला, “मो ती कोने, ठावं हुतं मला, तुलसी. मला तवाच कळलं. साऱ्यांच्या घरी तू भांडी वाजवत फिरायचास, त्या सालापास्नं माझ्या घरात कशाला बोट लावलं नाहीस.” तो म्हणाला, चौदा वरसं वाट बघतोय तू कवा सांगतोस. रागावलेला होता, कुसुम. इतकी वर्षं थांबला म्हणून राग गेला होता असं समजू नकोस. बराच वेळ मला बोलला, ते सगळं मी ऐकून घेतलं, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मग आत गेला, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “ठोक.” मी टिचकी मारली. तांब्या खणखणीत वाजला. त्याने मला पाणी दिलं आणि विचारलं, पोरीला ठावं हाय का?

म्हणून हे पत्र. छापून आलेलं ते वाक्य खोटं आहे, आणि तुझ्या नावाखाली खोटं राहू नये. ऐकायला तू माझ्याकडून शिकलीस, तेवढं माझं श्रेय मी सोडणार नाही. पण ऐकलेलं साहेबाच्या तोंडावर सांगायला, अकरा दिवस फायली लावत बसायला आणि तरीही सही न करायला तू माझ्याकडून शिकली नाहीस. ते तुझं तुझं आहे. मला घड्याळाकडे बघणारा एक माणूस पुरला होता, तुझ्यासमोर सगळा कारखाना उभा होता. माझ्यावर गेली असतीस तर ती सुपारी आज समुद्राच्या तळाशी असती. तू माझ्यावर गेली नाहीस, पोरी, आणि ह्याच्याइतका आनंद मला आयुष्यात कशाचाही झालेला नाही. हे मी बैठकेतही उभं राहून सांगणार आहे, बलरामला शेजारी बसवून. तोपर्यंत तुझ्या आईला सांगितलेलं असेल, तिची बोलणीही खाऊन झालेली असतील. हातोडी शेजारच्या भगवतीच्या रीताबरोबर पाठवतो आहे, ती पुढच्या महिन्यात नर्सिंगला तिकडे निघाली आहे. काचेच्या कपाटात ती ठेवू नकोस. तुझ्या हाताखाली नव्या मुली शिकायला येणार आहेत ना, त्यांच्या हातात दे, आणि पहिल्याच दिवशी सांग की ही ज्याची होती त्याने एकदा बरोबर ऐकलं आणि गप्प बसला. नंतर मग तुझी गोष्ट सांग. दांडा जुना झाला होता, काल मी नवा बसवला. पेरूच्या लाकडाचा आहे, तुझ्या मुठीच्या बेताने बारीक केला आहे.

तुझाच, चौदा वर्षांनी हलका झालेला,
बाबा